ब्रेकची तक्रार

बायको ल्युसी वारल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेहून परतताना क्लेमेंटची गाडी वाकोल्याच्या सिग्नलला पुढच्या रिक्षावर आदळता आदळता राहिली. ल्युसी गेल्यापासून असं वरचेवर होत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो डेल्रॉयच्या गॅरेजमध्ये गेला.

"ब्रेकच्या डिस्क गेल्यात बघ. आधी गाडी कशी वेळेवर थांबायची!"

डेल्रॉयने पुढची दोन्ही चाकं काढली. डिस्कची जाडी मोजली, मग वाकडेपणा तपासायला डायल गेज लावून त्या हाताने सावकाश फिरवल्या. गेजचा काटा जेमतेम हलला.

"झिजलेल्या नाहीत अंकल, वाकड्यापण नाहीत. ब्रेक एकदम झकास आहेत."

"मग थांबत का नाही? नातीला शाळेतून मी आणतो. जेनिस म्हणते, ब्रेकमध्ये काही निघालं नाही, तर पप्पा, तुम्ही गाडी चालवणं सोडा."

चाकं बसवून डेल्रॉय स्वतः एक चक्कर मारून आला. गाडी हवी तिथे थांबत होती. उतरताना त्याचं लक्ष डावीकडच्या सीटच्या पायाशी गेलं आणि त्याला हसूच आलं.

"ब्रेकचं राहू द्या अंकल, आधी हे मॅट बदला. भोक पडलंय बघा. या बाजूला पेडल तरी आहे का? कोण एवढा पाय दाबत होतं इथे?"

क्लेमेंटने वाकून त्या भोकावरून बोट फिरवलं.



"ल्युसी. तिने तिथे पाय दाबला, की मी इथे ब्रेक दाबायचो रे."