टेकडीवरचं लाल लुगडं

“माझी होडी वाऱ्यानं नाही, तुम्ही बुडवलीत!” ओल्या कपड्यांनिशी बंदराच्या कचेरीत घुसून दाजी सारंग तिथल्या साहेबांवर ओरडला.

वादळाचा इशारा कचेरीकडून मोबाइलवर यायचा; पण शिडाची होडी खोल समुद्रात गेली की रेंज जायची. म्हणून मोबाइल असायचा बायकोकडे. इशारा आला की परभा टेकडीवर पिवळी गोधडी फडकवायची आणि दाजी माघारी वळायचा.

मग कचेरीनं त्याच टेकडीवर सागरी सुरक्षा सप्ताहाचा भलाथोरला पिवळा फलक लावला. दाजी उगाच जाळं गुंडाळून परतला. नवरा-बायकोनं गोधडीऐवजी लाल लुगडं ठरवलं, तर कचेरीनं पाहुण्यांसाठी तिथंच लाल कापडाची कमान उभारली. दाजी पुन्हा रिकामा परतला.

आज टेकडीवर लाल हललं. “आला असेल आणखी कुणी पाहुणा,” म्हणत तो जाळं ओढत राहिला. वादळानं होडी उलटली. तुटलेल्या डोलकाठीला मिठी मारून तो कसाबसा किनाऱ्याला लागला.

साहेबांनी संगणकात डोकावून पाहिलं. “इशारा वेळेत पोचलाय. वाचल्याची खूणही आहे.”

“तो परभानं वाचला, साहेब! आता तिला फडकवायला कुठला रंग शिल्लक ठेवलाय, तेवढं सांगा!”