सुखातल्या पेशी

सुखातल्या पेशींनीही पुन्हा हात वर केले होते.

प्रयोगशाळेत मॅडमनी आलेख तिच्यापुढे सरकवला. "ज्यांना आपण उष्णतेचे चटके दिले, त्यांनी प्रथिनं बनवणं थांबवलं. ठीक. ताण आला की पेशी तेच करते. नवं काम बंद, आधी जीव सांभाळायचा. पण ज्यांना बोटही लावलं नाही, त्या का थांबल्या?"

"कळत नाही, मॅडम."

"उद्याही असंच झालं, तर हे काम मी दुसऱ्या कुणाकडे देणार."

बाळंतपणाच्या रजेनंतर तिला मिळालेलं हे पहिलंच काम. पेशी वाढवायच्या या बशांना तर ती जिवापाड जपत होती. इन्क्युबेटरचं दार उघडायचं, बशी बाहेर काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, सगळं ठीक दिसलं की परत उबेत ठेवायची. जरा वेळाने पुन्हा तेच. मधल्या वेळात घरी फोन. लेक बाटलीने दूध घेत नव्हती, वजन हलायला तयार नव्हतं.

"घेतलं का हो दूध?"

"अगं, आत्ताच तर विचारलंस," सासूबाई म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी तिने बशा आत ठेवल्या आणि नेमकं सगळ्यांना आग विझवण्याच्या प्रशिक्षणाला बोलावलं. फोन दाराशी टोपलीत जमा. दिवसभर ती काट्यांवर बसल्यासारखी बसली. आग कशी विझवतात ते काही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी मोजमाप झालं. सुखातल्या पेशींनी भरभरून प्रथिनं बनवली होती.

"आज काय वेगळं केलंस?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि आपलंच उत्तर ऐकून थबकली. दर वेळी उबेतून गारठ्यात, अंधारातून उजेडात. चटका तीच देत होती, काळजीने.

तिला हसूच फुटलं. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उघडू नये. आत सगळं ठीक आहे.' इन्क्युबेटरच्या दारावर तो चिकटवला. मग टोपलीतून आणलेला फोन हातात घेतला. ही बातमी तिला आधी घरीच सांगायची होती.

बराच वेळ रिंग वाजली. सासूबाईंनी उचलला तेव्हा मागे लेक टाहो फोडत होती.

"काय झालं? दूध घेत नाहीये का?"

"दिवसभर शहाण्यासारखं घेतलं गं. एकदाही दचकली नाही. आत्ताही बाटली संपतच आली होती," सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्यात फोन वाजला."