ठिपका

ठिपका हलला नाही.

लारासने कळ पुन्हा दाबली. पडद्यावरची लाल रेघ तशीच राहिली, आणि तिच्यावरचा निळा ठिपकाही माशीसारखा बसल्या जागी बसून राहिला. बांडुंगच्या विद्यापीठातल्या त्या खोलीत वीसेक माणसं श्वास रोखून उभी होती. पैजा लागल्या होत्या: ठिपका वर उडाला तर देदेन सगळ्यांना तळलेले बातागोर खिलवणार, खाली गेला तर लारास. तो जागचा हलणारच नाही, यावर कुणीच पैज लावली नव्हती.

"अडकला वाटतं तुझा डबा," शेजारच्या गटातला देदेन म्हणाला. "दे एक थोबाडीत!"

डबा धडधाकट होता. लाल रेघ होती लारासचे मार्गदर्शक बापाक प्राविरो यांच्या सिद्धांताची. विश्वाला फुगवणारी अदृश्य ऊर्जा हळूहळू ओसरते आहे, असं म्हातारा तीस वर्षं घसा कोरडा करून सांगत होता आणि जग त्याला हसत होतं. निळा ठिपका लारासचा, लाखो दीर्घिकांच्या मोजणीतून आलेला. मोजणाऱ्याचं मन हव्या त्या उत्तराकडे ओढतं, म्हणून या कामात डोळ्यांवर पट्टी बांधतात. एक गुप्त आकडा मिसळून ठिपका मुद्दाम भलतीकडे सरकवून ठेवायचा. सगळी छाननी झाली की आकडा काढायचा, आणि ठिपका जिथे उडी मारेल ते उत्तर मुकाट्याने पत्करायचं. आकडा एकट्या बापाकना ठाऊक होता. तो आत्ताच काढला होता.

"अरे, रेघेवरच आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "बापाक, तुमच्या रेघेवर!"

मग एकच गिल्ला झाला. आकडा अगदीच चिमूटभर मिसळला होता वाटतं, असं कुणी म्हणालं आणि सगळे हसले. देदेनने लारासच्या पाठीत धपका घातला. "बांध बोचकं! कॅनडा पक्कं!" त्यात खोटं काही नव्हतं. तिथल्या संस्थेने तिला संशोधनाची जागा देऊ केली होती ती या निकालाच्या भरवशावर. संध्याकाळपर्यंत तिने कळवायचं, की झालं.

लारासच्या पायाखालची जमीन सरकली होती. ठिपका तसूभरही हलला नाही, म्हणजे मिसळलेला आकडा शून्य होता. दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती; एकाच्या नव्हती. 'आकाशाचा तो कोपरा धुळकट आहे, काढून टाक,' बापाक म्हणाले होते. तिने काढला होता. 'या दीर्घिका फार फिकट, नकोत.' त्याही गेल्या. दर वेळी ठिपका रेघेकडे जरासा सरकायचा, आणि ती हसायची. सरकेना का, खरा थोडाच आहे!

तेवढ्यात तुंपेंग आला, केळीच्या पानावर रचलेला पिवळ्याधमक भाताचा डोंगर. बापाकनी तो कालच सांगून ठेवला होता. "निकाल काहीही लागो, भूक तर लागणारच," असं म्हणाले होते. पण पिवळा तुंपेंग आनंदाचाच असतो, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं.

बापाकनी सुरीने डोंगराचं टोक कापलं. हा घास सगळ्यांत मानाच्या माणसाचा. दोन्ही हातांनी बशी धरून त्यांनी ती लारासपुढे केली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. तेच तिला सोसवेना.

"घे, नेंग," ते म्हणाले. लेकीला हाक मारावी तसे ते तिला नेहमीच नेंग म्हणत. "टोक तुझंच."

तिने बशी घेतली. घास काही तिने घेतला नाही.

"बापाक, तुम्ही आकडा घातलात तेव्हा आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होतो." ती म्हणाली. "मी ऐकत होते. आकड्याची एकच कळ वाजली होती."

टाळ्या विरल्या. देदेनचं हसू अर्ध्यातच थांबलं.

"शून्य हाही आकडाच आहे, नेंग."

"चिठ्ठी टाकून निघाला असता, तर. निघाला होता?"

म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली. "तीस वर्षं झाली गं. मरायच्या आधी एकदा तो रेघेवर बघावासा वाटला."

"एकदा?"

लारासने बशी तुंपेंगशेजारी ठेवली आणि ठिपक्याचं चित्र बंद केलं. मग यंत्रापाशी बसून तिने काढून टाकलेलं सगळं परत आत घेतलं: धुळकट कोपरा, फिकट दीर्घिका, झाडून सगळं.

"कांग, तू या मोजणीत नाहीस," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती देदेनला म्हणाली. "नवा आकडा तू टाक. चिठ्ठी काढून."

"वेडी झालीस? पुन्हा पहिल्यापासून? आणि कॅनडा?"

"थांबलं तर थांबेल. बस इथे." तिने खुर्ची रिकामी केली. "बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करा."

कुणी हललं नाही. लारासने बापाककडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा."

सगळ्यांत आधी तेच वळले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे ते भिंतीला नाक लावून उभे राहिले. लारास त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि एकेक करून सगळी खोली वळली.

मागे कळा वाजू लागल्या. लारासने डोळे खाली वळवले. बापाकनी हात पाठीमागे बांधले होते, आणि हळदीच्या भाताने पिवळी झालेली त्यांची बोटं दर कळेसरशी एकेक करून मिटत होती.