घाटातली सवत

पर्यटकांची गाडी मी चालवते आणि माझा नवरा माईकवरून घाटाचा इतिहास सांगतो. घरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही; पण पडका किल्ला दिसला, की खिंड लढवणाऱ्या राणीबद्दल बोलताना त्याला नुसता बहर येतो. तिचे करारी डोळे काय, रागावल्यावर लाल होणारं नाक काय! चारशे वर्षांपूर्वी मेलेली बाई, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काल एका आजींनी त्याला विचारलं, "राणीचं चित्र कुठे बघायला मिळेल हो?"

"चित्र एकही उरलेलं नाही, आजी."

"मग इतकं वर्णन करता ते कुणाचं?"

तो माईकवर हात ठेवून हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलंच, "गाडी चालवतेय ना, तिचं."