खालचं घर, वरचं घर

“खालचं घर वरच्या घराला जोडायचं, बस्स! एवढ्यासाठी एक साधं चिन्ह सुचू नये?” घरूनच ऑफिसचं काम करणाऱ्या प्रोग्रामरने कपाळावर हात मारला.

घरं म्हणजे तक्त्यातली. ऑफिसच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून माहिती लिहायच्या पानांवर, तक्ते होते. पण एकच घर चार ओळींत पसरायची सोय नव्हती. ही विकी त्याने दोन वर्षं खपून बांधली होती. सकाळीच साहेबांनी फोनवर दम भरला होता, “टायपिस्टबाईंना जमेल असं चिन्ह चार वाजेपर्यंत दाखव. नाहीतर तुझी विकी बंद, मी बाजारातली तयार आणतो.”

आता तीन वाजले होते. बाण झाला, टोपीसारखी खूण (^) झाली, तिहेरी कंस झाले. दर वेळी टायपिस्टबाईंचा फोनवर एकच सवाल, “हे कीबोर्डवर कुठे असतं हो?” बरं, खालचं घर कोरं सोडावं, तर ते वरच्याला जोडायचं की खरंच रिकामं, हे विकीला कळणार कसं? त्याचं डोकं पार भंजाळलं.

पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजपाशीच थबकला. दारावर बायकोने हाताने आखलेला तक्ता होता. सहा महिने तिथेच होता म्हणे. याने आज वाचला. डावीकडे काम, उजवीकडे कोण. पहिली ओळ: केर, मी. खाली भांडी, कपडे, भाजी, मुलीचा अभ्यास, झाडांना पाणी. आणि ‘मी’च्या खाली प्रत्येक घरात दोन बारीक उभ्या रेघा. डिट्टो! म्हणजे वरचंच खाली.

“अगं, तू ग्रेट आहेस!” तो ओरडला.

“आज कळलं का?” दोरीवरचे कपडे काढता काढता बायको म्हणाली.

पण हा ऐकायला होता कुठे? अर्ध्या तासात कोड तयार: खालच्या घरात डिट्टो टाकला की ते वरच्या घराला जोडलं जाणार. टायपिस्टबाई म्हणाल्या, “अहो, हे तर आम्ही शाळेपासून करतो!” साहेब नुसतंच “वा!” म्हणाले. विकी वाचली. त्याला अगदी भरून आलं.

त्या भरात त्याने फ्रिजवरचा तक्ताच विकीत चढवला आणि बायकोला हाक मारली. “बघ, तुझी करामत!”

उजवीकडच्या घरांमधल्या रेघा गायब झाल्या होत्या. केरापासून झाडांपर्यंत सहा ओळींचं एकच भलंमोठं घर, आणि मधोमध एवढासा ‘मी’.

बायकोने कपड्यांचा ढीग त्याच्या मांडीवर ठेवला. चष्मा सावरून नीट पाहिलं.

“बरोबर आलंय रे,” ती म्हणाली. “एवढ्या मोठ्या घरात मी एकटीच.”