पहिला हशा

नानांच्या गाजलेल्या एकपात्री प्रयोगाचा सिनेमा करायचं ठरलं आणि रिकाम्या स्टुडिओत नानांची पंचाईत झाली. पहिला विनोद झाला आणि नाना कॅमेऱ्यासमोर नुसतेच उभे राहिले.

"कट! नाना, थांबलात का?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"हशा ओसरायची वाट बघतोय."

"पण इथे हसलंय कोण?"

तेच तर दुखणं होतं. इतकी वर्षं तिसऱ्या रांगेतून आधी बायको हसायची, मग अख्खं नाट्यगृह हसायचं, आणि तेवढ्या वेळात नानांना पुढचं वाक्य आठवायचं.

शेवटी बायकोला बोलावून कॅमेऱ्यामागे बसवलं. तोंडावर रुमाल दाबून ती आवाज न करता गदागदा हसायची, तिचे खांदे हलायचे थांबले की नाना पुढे बोलायचे. मधले सगळे थांबे संकलकाने नंतर कापून टाकले.

सिनेमा लागला. पहिल्याच विनोदाला थिएटरात असा काही हशा पिकला की नानांनी मोठ्या ऐटीत शेजारी पाहिलं. बायको मान टाकून चक्क घोरत होती!

"अगं, ऊठ! इतक्या वर्षांत एका प्रयोगाला डुलकी काढली नाहीस, आणि नेमकी आज झोपलीस?"

ती डोळेसुद्धा न उघडता पुटपुटली,

"झोपू द्या हो. पडद्यावर कुठे तुमचं माझ्या हसण्यावाचून अडतंय!"