गॅस भरल्याची पावती

तुषारने दुकानातला वजनकाटा बेडरूमच्या दारात ठेवला आणि धनेशला म्हणाला, "सिलिंडर आधी यावर ठेव."

धनेशने खांद्यावरची हत्यारांची पिशवी उतरवली. "काटा कशाला, शेठ?"

"घरात किती गॅस आला आणि एसीत किती गेला, कळायला नको?"

सिलिंडर भरला अकरा किलो दोनशे. तुषारने आकडा तळहातावर लिहून घेतला.

अच्छाडच्या नाक्यावर तुषारचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. वीस वर्षं मेकॅनिक लोकांत गेलेली. कोण जुना पार्ट घासूनपुसून नवा म्हणून लावतो, कोण एक काम करताना दुसरं काढून ठेवतो, सगळं त्याला पाठ. ट्रकवाल्यांना तो फुकट शहाणपण वाटायचा. भाव आधी विचारायचा. काढलेला पार्ट मागून घ्यायचा.

आणि असल्या माणसाच्या तलासरीतल्या घरात दर एप्रिलला एसीचा गॅस संपत होता! तीन वर्षं, तीन वेळा. त्याची बायको दक्षा फोन करायची, दुपारी धनेश येऊन जायचा, संध्याकाळी तुषारच्या हातात पावती. पावती बघून तो पैसे मोजायचा. त्याच्या घरचा कायदाच तसा होता. पावतीशिवाय रुपया सुटायचा नाही, आणि बायकोच्या माहेरच्या नावाने तर पावती असली तरी नाही.

यंदाही दक्षा म्हणाली, "तुम्ही जा दुकानात, मी बघते." वर किराण्याची यादी त्याच्या खिशात कोंबली. पण यंदा तुषारने दुकानच उघडलं नाही.

धनेशने एसीची जाळी काढली. तिच्यावर धुळीचं जाजम बसलेलं. मोरीत नेऊन धुतली, झटकली, परत बसवली. गॅलरीतल्या मशीनला प्रेशर मोजायचं घड्याळ लावून बघितलं. "प्रेशर बराबर आहे. गॅसची गरज नाही."

पाच मिनिटांत खोली थंडगार.

तुषारने सिलिंडर पुन्हा काट्यावर ठेवला. अकरा किलो दोनशे. ग्रॅम इकडचा तिकडे नाही.

"किती झाले?"

धनेशने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. "साडेचारशे."

"साडेचारशे!" तुषारने गादीखालून फाइल काढली. तीन पावत्या पत्त्यांसारख्या पलंगावर टाकल्या. हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात, खाली धनेशची गुंडाळी केलेली सही. "गॅस भरला, पंचवीसशे. गॅस भरला, अठ्ठावीसशे. गेल्या वर्षी गॅस आणि कपॅसिटर, बत्तीसशे. आज मी उभा आहे, तर साडेचारशे?"

धनेश हत्यारं पिशवीत भरू लागला.

"अरे, गॅस म्हणजे काय गाडीतलं डिझेल आहे, चालवलं की संपायला? पाइप फुटल्याशिवाय जातो कुठे? आणि फुटला होता तर जोडलास का नाही? आणि बदललेला कपॅसिटर? तो कुठाय?"

दक्षा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. "अहो, जाऊ द्या ना. चहा घ्या आधी."

"तू मध्ये बोलू नकोस. तुलाच लुटलंय याने. घरात बाई एकटी बघून." तुषारचा आवाज चढला. "लाज नाही वाटली रे? तुझी बायको दवाखान्यात होती तेव्हा हिने अकरा दिवस डबा पाठवला. मी डाळ-तांदळाचा हिशोब मागितला नाही."

"मागितला होतात," दक्षा हळूच म्हणाली.

"तेच. मागितला, पण दिला ना डबा? जगात सगळेच चोर नसतात. हिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या उन्हाळ्यात शिबिरात झालं. एक पैसा घेतला नाही त्यांनी. आणि तू जाळी धुवायचे बत्तीसशे घेतोस?"

दक्षा ट्रे घेऊन पुढे आली. "धनेशभाई," दक्षा म्हणाली, "तुम्ही कशाला—"

"राहू दे, भाभी," धनेश म्हणाला.

तुषारने मोबाइल पुढे धरला. तलासरी-डहाणूच्या व्यापाऱ्यांचा ग्रुप, नऊशे माणसं, तिन्ही पावत्यांचे फोटो तयार. "एक बोट लावलं की ऐन सीझनमध्ये तुझं नाव गेलं. डहाणू रोडला पण कुणी दारात उभं करणार नाही."

धनेशचा चेहरा उतरला. "ग्रुपवर नको, शेठ. स्टेशनजवळ गाळा घेतलाय, पहिलंच भाडं भरलंय. तुमचे पैसे परत देतो. महिन्याभरात. सगळे."

तुषारला असं गार वाटलं, जसं त्या एसीनेही कधी वाटलं नव्हतं. कबूल झाला गडी. पण तोंडी कबुलीवर विश्वास ठेवील तो तुषार कसला.

"लेखी दे. तीन वर्षं खोट्या पावत्या लिहिल्या, असं लिही."

"अहो, ऐका माझं," दक्षा म्हणाली.

"चहा ठेव आणि जा आत."

ती गेली नाही. तिथेच उभी राहिली.

तुषारने शर्टाच्या खिशातून पाठकोरा कागद काढला, त्यावर पेन ठेवलं. धनेशने कागद गुडघ्यावर घेतला आणि सावकाश दोन ओळी लिहिल्या. तुषारने वाचायला घेतल्या. डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं.

"गुजरातीत काय लिहितोस? मराठीत लिही. पावत्या लिहिल्यास तसं."

धनेश खाली बघत म्हणाला, "माझी शाळा उंबरगावला झाली, शेठ. सगळी गुजरातीत. मराठी बोलतो, पण लिहायला येत नाही. पावतीवर नुसती सही माझी."

तुषारने कागद उलटा केला.

हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: तूरडाळ एक किलो, साखर दोन किलो, चहा पाव किलो.